पाटणकर बाईंची साखर

नववीच्या वर्गात सुगंधा उभी राहून बोलून गेली, तेव्हा सगळ्यांत जास्त नवल तिचं तिलाच वाटलं. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची, ते शेजारच्या बाकालाही ऐकू जात नसे. मग साताऱ्याहून पाटणकर बाई शास्त्र शिकवायला आल्या. त्यांनी तिला फळ्यापुढे उभं करून बेडकाचं हृदय वर्गाला समजावून सांगायला लावलं, आणि तेव्हापासून तिची जी जीभ सुटली ती कोणाला आवरेना.

विषय होता वर्षअखेरच्या भेटीचा. शनिवारी शाळा मे महिन्याच्या सुट्टीसाठी बंद व्हायची होती, आणि रविवारच्या पहिल्या मोटारीने वर्गशिक्षिका पाटणकर बाई सुट्टीपुरत्या साताऱ्याला निघणार होत्या. वर्गशिक्षकांना वर्षअखेरीला देवाची तसबीर द्यायची, ही शाळेची जुनी रीत. हेडमास्तरांच्या ओटीवर सात गणपती ओळीने टांगलेले होते, आणि सातही एकाच दुकानातले. वर्गाचा मॉनिटर बाबू म्हणाला, यंदा बाई आहेत तर लक्ष्मी देऊ. झालं, संपलं.

"तसबीर नको," सुगंधा म्हणाली. "बाईंना जे खरोखर हवं असेल ते देऊ. काय ते मी शोधून काढते. आणि कोणाच्या घरून जास्त काही मागणारही नाही."

बाबूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाकच बोलायला लागला होता.

"शोध गो," तो म्हणाला. "पण नाय गावला, तर पुढचा वर्सभर वर्गात तोंड उघडूचा नाय."

"कबूल," सुगंधा म्हणाली, आणि खाली बसून बोटांवर दिवस मोजले. आज मंगळवार होता. उरले चार दिवस.

बाईंना काय हवं असेल? तिने आणि तिच्या बाकावरच्या मथुराने डोकी चालवली. मथुराच्या बापाची खाडीत होडी होती, आणि मथुराला माणसं वाचायची सवय आईबरोबर बाजारात बसून लागली होती. तिचं म्हणणं, माणसाला काय आवडतं ते माणसाला विचारू नये, दुकानदाराला विचारावं. म्हणून शाळा सुटल्यावर दोघी कट्ट्याच्या बाजारात गेल्या आणि गुणाजीच्या दुकानापुढे उगाच रेंगाळल्या. गुणाजी बोलका माणूस. बाईंचं नाव काढायचाच अवकाश होता.

"तुमची बाई साखर खाता काय साखरेन न्हाता, तां माका सांगा गो," तो म्हणाला. "एकटा माणूस, आणि दर सोमवारी शेरभर साखर!"

सुगंधाला वाटलं, उत्तर पायाशी येऊन पडलं. बाईंना गोड आवडतं! वरून एवढ्या करारी, पांढरं पातळ, काळी छत्री, आणि आतून गोडखाऊ. किती छान! घरी पोचेपर्यंत तिने सगळा बेत रचला होता. वर्गात मुली अकरा. प्रत्येकीने आपल्या घरचा एकेक गोड पदार्थ आणायचा, कोणी खापरोळ्या, कोणी खटखटे लाडू, कोणी नारळाच्या रसातले शिरवाळे. अकरा भांडी बाईंच्या टेबलावर ओळीने मांडायची. बाबूच्या लक्ष्मीने लाजून मान खाली घातली पाहिजे.

तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आईकडून वाटीभर शिरवाळे मागून घेतले आणि बाईंच्या बिऱ्हाडी गेली. आईलाही बाईंकडे काही ना काही धाडायला आवडे. निदान सुगंधाला तरी तसंच वाटत होतं.

बाई कृष्णाबाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत. त्या वेळी त्या पेपर तपासायला शाळेतच होत्या. कृष्णाबाई अंगणात पाटावर बसून आमसुलांसाठी रातांबे फोडत होत्या, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. सुगंधाने गप्पा मारता मारता हळूच विचारलं, बाईंना गोडाची फार आवड आहे ना?

"गोडाची?" कृष्णाबाई हसल्या. "बिनसाखरेची चाय पितत गो त्या. मी इचारलंय, तर म्हणतत, सवय झाली."

सुगंधा उभीच राहिली. दर सोमवारी शेरभर साखर, आणि चहा बिनसाखरेचा. मग ती साखर जाते कुठे? मुंग्यांना घालतात? साताऱ्याला पाठवतात? बाईंना भूल तर पडली नाही? तिचं डोकं गरगरायला लागलं, पण त्या गरगरण्यात एक मजाही होती. गणितात दोन्ही बाजू जुळत नाहीत, आणि कुठेतरी आपणच एक पायरी गाळलेली असते, तसं वाटत होतं.

"वाटी त्यांच्या खोलयेत ठेव," कृष्णाबाई म्हणाल्या. "फळयेर जागा आसा तर बघ."

फळीवर जागा नव्हती. तिथे भांडी ओळीने उभी होती. सुगंधाने पहिलं ओळखलं, बाबूच्या आईचा पितळी डबा. कडेवर नावच कोरलेलं. पुढे मथुराच्या घरचा कान तुटलेला टोप, मग पोस्टमास्तरांचा गडू, मग खुद्द तिच्या घरची, मागच्या आठवड्यात आलेली वाटी. सगळी घासून लख्ख. प्रत्येकावर कागद झाकलेला. तिने एक कागद बोटाने उचलला. आत साखर. दुसरा उचलला. साखर. हीच साखर घरी वाटीतून परत येते आणि आपण खातो, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. गावाने प्रेमाने ज्या ज्या भांड्यातून काही धाडलं होतं, ते भांडं बाई रिकामं परत करत नव्हत्या. कसं करतील? कोणीच करत नाही. आणि त्यांच्याकडे भरायला दुसरं होतं काय? ना परस, ना माड, ना आमसुलं वाळत घातलेली चटई.

सुगंधाच्या हातात शिरवाळ्यांची वाटी होती. तिला ती लपवून परत न्यावीशी वाटली, पण कृष्णाबाईंनी पाहिली होती, म्हणून कशीबशी फळीच्या कडेला ठेवली. आणि शनिवारी टेबलावर मांडायची अकरा भांडी डोळ्यांपुढे आली, तेव्हा तर कान तापले.

वाटेत मथुरा भेटली, तिला तिने सगळं सांगितलं. मथुराने लगेच तोडगा काढला. "मगे साखरच देवया."

"ती साखर चार दिवसांनी आपल्याच घराक परत येतली," सुगंधा म्हणाली.

हे खरं होतं आणि इतकं हास्यास्पद होतं, की दोघी बांधावर बसून पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर सुगंधाने विचारलं, तुझी आई भांड्यात काय घालते?

"आमच्याकडे खंय साखर? आये एक अबोलीचा फूल टाकता, नायतर दोन सोलां. भांडा रिकामा गेला नाय म्हंजे झाला."

सुगंधाच्या घरीही तेच. कढीलिंबाची डहाळी, दोन आमसुलं, कधी नुसती हळदीची पानं. गावात भांड्यात साखर घालून धाडणाऱ्या एकट्या पाटणकर बाईच होत्या. त्यांना दोन वर्षांत हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आता सांगायचं तरी कसं? तुमची साखर आम्ही मोजली, फळीवरचे कागद उचलून पाहिले, असं म्हणायचं? ते ऐकून बाईंना काय वाटेल? सुगंधाला आयुष्यात पहिल्यांदाच असं काही कळलं होतं, जे कळल्याबरोबर चारचौघांत सांगायचं नव्हतं.

शनिवारी मथुराच्या परसातलं अबोलीचं भरगच्च फुललेलं झुडूप मुळांच्या मातीसकट उकरून, केळीच्या सोपात गुंडाळून, सुंभाने बांधून वर्गात आलं. सुगंधाने ते टेबलावर ठेवलं. मागून खसखस पिकली.

"ह्यां तर आमच्या गुरांच्या वाटेर उगवता," बाबू म्हणाला, अगदी हळू नाही. "चार दिवस ह्याच शोधूक लागले?"

सगळे तिच्याकडे बघत होते. कारण सांगितलं असतं तर बाबूचं तोंड तिथेच मिटलं असतं, कारण फळीवरचा पहिला पितळी डबा त्याच्याच आईचा होता. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं. "बाईंना आवडेल असं वाटलं," एवढंच म्हणाली, आणि ते इतकं फुसकं वाटलं की तिला स्वतःचाच राग आला. बाईंनी वर्गाचे आभार मानले, झुडपाकडे पाहिलं, फुलांना बोट लावलं. चेहऱ्यावरून काही कळेना. बाबूने मागच्या बाकावर बोटाने हवेत तसबिरीचा चौकोन काढला.

वर्ग मोकळा झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "सुगंधा, रोप उचल. मला लावता येत नाही. चल माझ्याबरोबर."

कृष्णाबाईंच्या पायरीजवळ त्यांनी जागा निवडली. बाईंनी पदर खोचला आणि खुरपं घेऊन स्वतःच माती उकरायला बसल्या. सुगंधा पाणी घेऊन आली.

"वर्गात तू कारण दिलं नाहीस," बाई म्हणाल्या. "तू, आणि कारण दिलं नाहीस. मला काळजी वाटली. आता दे."

सुगंधाने मातीकडे पाहिलं. "बाई, आमच्याकडे शेजारचं भांडं परत करताना आत एक फूल ठेवलं तरी चालतं. सगळे तसंच करतात."

बाईंचं खुरपं थांबलं. सुगंधाला वाटलं, संपलं. आता बाई उठतील, पदर सोडतील आणि कोरड्या आवाजात "ठीक आहे" म्हणतील. पुढच्या वर्षी आपण आपणहूनच तोंड उघडणार नाही, बाबूला सांगायचीही गरज पडणार नाही.

"एकच फूल?" बाईंनी विचारलं. शंका विचारणाऱ्या मुलीसारखं विचारलं.

"एकच."

"आणि मागे कोणी काही बोलत नाही?"

"नाही बाई."

"निघताना आईने बजावलं होतं," बाई म्हणाल्या. "परक्या गावात साखरेशिवाय भांडं परत करू नकोस, लोक नावं ठेवतात. आणि तुम्ही दोन वर्षं मला हे सांगितलं नाहीत?"

"कोण सांगणार बाई? साखर गोड लागते."

हे तोंडातून निसटलं आणि सुगंधाने जीभ चावली. पण बाई हसायला लागल्या. मातीचा हात कपाळाला लागला तरी हसत राहिल्या, इतक्या की कृष्णाबाई काय झालं ते पाहायला बाहेर आल्या. मग बाई आत गेल्या, फळीवरचे कागद एकेक करून काढले, सगळी साखर आपल्या डब्यात ओतली आणि दोघींसाठी चहा ठेवला. चहा इतका गोड होता की सुगंधाला दोन घोटांपुढे जाईना. बाईंनी मात्र शेवटचा थेंबही सोडला नाही, आणि सुट्टीत झाडाला पाणी घालायचं कृष्णाबाईंकडून तीनदा कबूल करून घेतलं.

घरी आल्यावर सुगंधाने बाईंनी परत धाडलेली वाटी आईपुढे ठेवली. आत अबोलीचं एक फूल. आईने वाटी तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"साखर नाय?"

सुगंधाने मान हलवली. आता आई बाईंना नावं ठेवणार. आईने फूल उचललं, अंबाड्यात खोवलं आणि खांबाला टेकून बसली.

"बरा झाला एकदाचा," ती म्हणाली. "साखर इली की माका वाटता, आता परत कायतरी धाडूक होया. बाईंची साखर खावन गप कसा रवाचा? दोन वर्सां ह्याच चल्ला गो."

सुगंधा आईकडे बघतच राहिली. म्हणजे इकडून शिरवाळे गेले म्हणून तिकडून साखर, आणि तिकडून साखर आली म्हणून इकडून पुन्हा शिरवाळे! बाबूची आईही? पोस्टमास्तरीणही? सगळं गाव? हे बाईंना सांगायलाच हवं होतं, आणि बाई तर उजाडता मोटारीत बसणार होत्या.

"आई, उद्या माका पाचाक उठव," ती म्हणाली. "मोटारीवर जातंय. बाईंना एक सांगायचं राहिलं."

"जातलंस तर मोकळ्या हातान जाव नको," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता उठून फळीवरच्या डब्याकडे हात नेला.

"पानात बांध आई," सुगंधा म्हणाली. "भांडां नको."