येसूच्या डोळ्यासाठी थांबलेले लूम

मित्रांनो, मी एक जुनी पीसीआर मशीन आहे. भिवंडीच्या निजामपुऱ्यात, एका धर्मादाय दवाखान्याच्या माडीवर माझा मुक्काम. दिसायला भाकरीच्या डब्याएवढी. रोगजंतूच्या अंगातला बारीकसा धागा माझ्या पोटात ठेवला की मी तापते, निवते, पुन्हा तापते. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरल्यासारखी गुंगी येते. त्या गुंगीत एका धाग्याचे दोन होतात, दोनाचे चार... पस्तीस फेऱ्यांनी धुकं दाटतं, आणि त्या धुक्यातून रोगाचं नाव कळतं.

२००६ साली मुंबईच्या एका प्रयोगशाळेनं मला इथं दान केलं. उद्घाटनाला विश्वस्तांनी माझ्या डोक्यावर ओला हार चढवला. पाणी आत गेलं, महिनाभर मी मुकी. फोटो मात्र छान आले!

त्याच साली भातकापणीत वज्रेश्वरीकडच्या येसूच्या डोळ्यात कुसळ गेलं. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली उतरली आणि आतला रोग माजला. बुरशी की दुसरे जंतू? औषध वेगळं. जंतू काचेच्या बशीत वाढवून बघायचं तर आठ-दहा दिवस. डोळ्याकडं तेवढे नव्हते. डॉक्टरांनी बुबुळ खरवडलं, तंत्रज्ञ रुचिकानं दोन नळ्या भरल्या.

पहिली नळी वाया गेली. लोडशेडिंग संपून लाइट आली, मी तापायला लागले, तोच माडीखालचे सगळे कापडाचे लूम एकदम सुरू झाले, व्होल्टेज बसलं आणि मी मधेच विझले. बुबुळ आता इतकं पातळ की पुन्हा खरवडणं शक्य नव्हतं. रुचिका लूममालक केसरीनाथांकडं धावली.

"काका, तीन तास लूम बंद ठेवा."

"तुझ्या डबीसाठी? माझ्या लग्नातला टेपरेकॉर्डर हिच्याहून मोठा होता!"

दवाखान्याच्या पायरीवर बसलेली येसू म्हणाली, "नको ठेवू बंद, शेट. एक डोला जाल तर जाल. दुसऱ्यानं तुजं लूम बगीन."

केसरीनाथ आत वळून ओरडले, "ए, बंद करो सब! चाय पी के आओ!" आणि रुचिकाला म्हणाले, "या विजेच्या डीपीवर सगले माझेच लूम हायत. चालव."

मित्रांनो, निजामपुरा गप्प झालेला मी तेव्हाच ऐकला. कबुतराचे पंख, कामगारांच्या कपबश्या, येसूचा श्वास. त्या शांततेवर तरंगत मी तापले, निवले, स्वप्नासारखी.

संध्याकाळी जांभळ्या उजेडाखाली माझ्यातून काढलेल्या नमुन्याची रेघ चमकली. "बुरशीच! फ्युजेरियम!" रुचिका ओरडली. थेंब बदलले. डाग राहिला, पण त्या डोळ्यानं येसूला तांदळातला खडा दिसतो.

पुढं रुचिकाची जागा रद्द झाली, रसायनं यायची थांबली, मी कपाटात गेले. गेल्या साली येसूच शेजारच्या अनंताला हाताला धरून घेऊन आली. तसाच लाल डोळा.

"ती बारकी मशीन कुठं हाय?"

"बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट यायच्या आत अनंताचा डोळा गेला.

मी बिघडलेली नाही, मित्रांनो. मला रसायन हवं आणि चालवणारं माणूस हवं. अशी एखादी मशीन तुमच्या गावात झोपवली असेल, तर तिच्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. अदबीनं नको, ओरडून विचारा. यंदाचं भात पिवळं पडायला लागलंय, कापणी जवळ आलीय.