आठ घरांचा झ

झुंबररावांच्या थोरल्या लेकीचं, छबूचं, लग्न झालं ते साल सत्त्याऐंशी. पत्रिका छापून झाल्या तेव्हा आपलं नाव कुठं आहे ते त्यांनी छापखान्यातच बोट ठेवून दाखवून घेतलं. काटेवाडीला पाहुण्यांच्या हातात पत्रिका देताना ते बरोबर त्या नावाखाली अंगठा धरत. कुणाला काही कळलं नाही.

वालचंदनगरला कारखान्याच्या एका कॉलनीच्या फाटकावर ते सोळा वर्षं पहाऱ्याला होते आणि त्यांना वाचता येत नाही हे एकट्या त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, माहीत होतं. पासावर गोल शिक्का असे. तो उजव्या हाताला खाली आला की पास सरळ, एवढी त्यांची खूण. मग पासाकडं बघायचं, माणसाकडं बघायचं आणि मान हलवायची. त्या दिवाळीनंतर नवे पास आले आणि शिक्का वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला. झुंबररावांनी पास फिरवून शिक्का उजवीकडं खाली आणला आणि नेहमीसारखी मान हलवली.

हे बाबूलाल आतारानं पाहिलं. त्याचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलनीतल्या दिग्विजय नावाच्या इंजिनियरनं त्याच्याकडं एक घरगुती कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला होता. नुसती बटणांची पाटी. ती टीव्हीला जोडायची आणि खेळ कॅसेटवरून भरायचा. एका खेळात किल्ला होता, खोल्या होत्या, बंदूकवाले शिपाई होते. बाबूलालनं तो पोटात शिरून बघितला. शिपाई म्हणजे आठ बाय आठ घरं, काही भरलेली, काही रिकामी. त्यानं चौकटीची वही आणली आणि घरं बदलायला घेतली. किल्ल्याचा दरवाजा गेला, कॉलनीचं फाटक आलं. शिपायाची बंदूक गेली, काठी आली, डोक्याला फेटा आला. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून अक्षरंही त्यानंच घरं भरून केली, लागली तेवढीच: पास, थांब, जा. आणि वर गंमत अशी, की पास सरळ दाखवला तर शिपाई 'थांब' म्हणे आणि उलटा दाखवला तर सलाम ठोकून 'जा' म्हणे.

दुकानात माणसं पोट धरून हसली. आठवड्यात कॅसेटच्या नकला बारामतीला गेल्या, इंदापूरला गेल्या.

फाटकावर दिग्विजय म्हणाला, "काय झुंबरराव, सरळ दाखवू का उलटा?"

झुंबरराव हसले. कशाला हसतोय ते त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खेळाचं सांगितलं तेव्हा त्यांना त्या बोलण्याचा अर्थ लागला. हे मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तर फाटक सुटणार, हे उघड होतं.

दुपारी तीनला पहारा संपला तसे ते दुकानात गेले. "दाखव तुझा खेळ."

बाबूलालनं कॅसेट लावली. पाच मिनिटं नुसती किरकिर झाली. मग चित्र आलं.

"ह्यो मी?"

"तुमीच की आबा! फेटा बघा. मिशी तेवढी ऱ्हायली, घरं कमी पडली."

"आन उलटा पास ते काय?"

"आता मीच बघितलं की, तुमी उलटा धरून वाचत हुता. डोळं दाखवून या एकदा."

"डोळ्याला काय धाड भरली न्हाय. सुई दे, ओवून दाखवतो."

बाबूलालचं हसू जिथल्या तिथं थांबलं. त्यानं खेळ बंद करायला हात घातला. "पुसून टाकतो आबा. आत्ताच."

"इंदापुरातली कशी पुसशील?"

झुंबररावांनी काठीचं टोक टीव्हीकडं केलं. "हितं काय लिवलंय?"

"थांब."

"आन तितं?"

"जा."

"किती अक्षरं केलीस एकंदर?"

"पाच. एक काना, एक टिंब."

"लई झाली. शिकीव."

रोज तीन वाजता ते येऊ लागले. पाच अक्षरं आठवड्यात झाली. मग बाबूलाल पुढची करत गेला आणि झुंबरराव मागून ती गिळत गेले. 'झ' मात्र आठ घरांत मावेना. दोन दिवस खोडाखोड करून एक उभा राहिला.

"मान मोडलीय की ह्याची."

"आठ घरात तेवढाच बसतो आबा. तुमी लई मोठं हायसा."

होळीनंतर एका सकाळी दिग्विजयनं पुन्हा पास उलटा धरला. झुंबररावांनी तो सरळ केला, नावावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "दि… ग… थांबा साहेब, जोडाक्षर हाय. येळ लागंल."

कारखान्याचा भोंगा झाला. मागं सायकलींची रांग लागली. झुंबररावांनी नाव वाचलं, आडनाव वाचलं, खात्याचं नावही सोडलं नाही. मग सलाम ठोकला. "जा."

त्यानंतर त्या फाटकावर उलटा पास कुणी धरला नाही. झुंबरराव तिथूनच निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदावर त्यांनी सही केली ती मान मोडलेल्या झ नं, आणि आजही तशीच करतात.

छबूच्या लग्नाला बत्तीस वर्षं होत आली तेव्हा एसटी स्टँडसमोर बाबूलालच्या फोटोचा फ्लेक्स लागला. झुंबरराव काठी टेकून उभे राहिले आणि तो वरपासून खालपर्यंत वाचला, 'श्रद्धांजली'तल्या जोडाक्षरांसकट. शेवटच्या ओळीत तारीख होती.

बाबूलाल आतार ११ फेब्रुवारी २०१९ रोजी, सोमवारी सकाळी, बारामतीला वारला.