एकीपुरता बाक

रविवारी सकाळी सुतारानं दाढी केली, ठेवणीतला कोट झटकला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरला. याचा अर्थ, 'मी निघालो.' आत लेक बाळाला पाजत होती. बाळ झाल्यापासून बापलेकीचा सगळा संवाद या खाकरण्यावर भागत असे. ती आत जेवायची, तो बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत पाप फारसं नव्हतं, त्यामुळे जे होतं त्याकडे सर्वांना नीट लक्ष देता येई. लग्नाआधी आई झालेल्या मुलीनं उपासनेला सगळ्यांच्या मागं, वेगळ्या बाकावर बसावं. शेवटी उभं राहून 'मी पापी आहे' म्हणावं. आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचं समाधान होईपर्यंत दर रविवारी म्हणत राहावं, असा रिवाज होता. बरीच वर्षं पापीण न मिळाल्यानं जुना बाक वाळवीनं खाल्ला होता. नवा सुतारानंच केला. "एकीपुरताच करा," पंच म्हणाले, आणि यानं मुकाट्यानं माप घेतलं.

बाळाच्या बापासाठी रिवाज नव्हता. तो गीतमंडळात गायचा. आवाज गोड, वडील मुख्य पंच. सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी उपासनेच्या शेवटी मागच्या बाकावरून लेक उभी राहिली. "मी पापी आहे."

"मोठ्यानं बोल, पोरी," मुख्य पंच म्हणाले. "पुढं ऐकू येत नाही."

"इतकं मागं बसवल्यावर कसं येणार, काका?"

एका म्हातारीला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घातलं.

"बघा जीभ! हा का पश्चात्ताप? हिला आता वर्षभर तिथंच बसवा," मुख्य पंच कडाडले.

वर्षभर! सुतार उठला. "पाळकसाहेब, मलाही पाप कबूल करायचंय."

"सुतारकाका, तुमचं कसलं पाप? तुम्ही तर बिचारे सोसताय," पाळक म्हणाले.

सुतार बसला नाही. "हिला कळा येत होत्या, तेव्हा ही मला हाका मारत होती. मी रंधा मारत बसलो, ऐकू येऊ नये म्हणून. शेवटी शेजारीण धावली. आणि लगेचच्या रविवारी मी इथं तारणाची गाणी म्हटली, चांगली खड्या आवाजात." त्यानं पाळकांकडे पाहिलं. "पश्चात्ताप म्हणजे मागं फिरणं, असं तुम्हीच शिकवता. मी आज फिरतोय."

"झालं ना? बसा आता," मुख्य पंच म्हणाले.

"बसतो. आणखी कुणाला उठायचंय का?"

कुणाला उठायचं नव्हतं. गीतांच्या पुस्तकांची पानं मात्र एकदम खूप उलटली गेली.

सुतार मागं गेला. त्यानं बाळ उचललं.

"चल, पोरी. पुढं बसू. कुणी उठवलं तरी उठायचं नाही."

दोघं पहिल्या रांगेत बसली. त्या रांगेतली माणसं एकेक करून सरकली, मग उठूनच गेली. एवढ्या लांब बाकावर ती तिघंच उरली.

पाळकांनी घाईनं शेवटचं गीत सांगितलं. गोड आवाजाच्या तरुणानं तोंड उघडलं, पण सूर फुटला नाही. शेजारच्यांनी जरा मोठ्यानं गाऊन त्याची जागा भरून काढली. मंडळीला ती सवय होती.