पडद्यावरचा हात

“जगाला जे दिसतंय, तेच आमाला दावा,” असं म्हणून धैर्यशील कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसला. त्याची आई विजयमाला मात्र दाराशीच उभी राहिली.

मायलेक कवठे महांकाळहून सांगलीला आले ते भांडायच्या तयारीनंच. विजयमालाचे यजमान, सुभेदार लालासाहेब, मरताना देह मेडिकल कॉलेजला देऊन गेले होते. ना सरण, ना राख. गाव तोंडाला येईल ते बोललं. सुभेदारांची ओळख कुणालाही पटणार नाही, असा शब्द शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर चारुलतानं तेव्हा दिला होता.

विच्छेदनाच्या एका टेबलाभोवती पन्नास मुलं उभी राहिली की मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसत. म्हणून १९९९च्या त्या वर्षात तिनं मर मर मरून त्या देहाच्या फोटोंसह धडे तयार केले आणि इंटरनेटवर टाकले. धैर्यशीलला त्याची कुणकुण लागली.

“वडलांची वळख पटली, तर समदं काढायचं. न्हाईतर कोर्टात भेटू,” त्यानं बजावलं.

चारुलता निर्धास्त होती. प्रत्येक फोटोत चेहरा झाकलेला होता. माणूस म्हणजे चेहरा, एवढीच वाईत वाढलेल्या या हुशार बाईची समज!

मोडेम किंचाळून गप्प झाला. फोटो वरून खाली, अगदी रखडत उघडू लागला. आधी खांदा. मग कातडी बाजूला सारलेला दंड. धैर्यशीलनं मान फिरवली. विजयमाला मात्र पुढे आली.

कोपर दिसलं आणि चारुलता पडद्याकडे झुकली. त्याच्या खाली गोंदण होतं! ‘गोंदणाच्या खाली धमनी शोधा,’ असं ती मुलांना नेहमी सांगायची. पण त्या अक्षरांना कुणी ओळखेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

इंटरनेट तोडायला तिचा हात टेलिफोनच्या वायरीकडे गेला. विजयमालानं तिचं मनगट घट्ट धरलं.

“थांबा बाई. पुरतं दिसू द्या.”

एकेक अक्षर उतरत गेलं. विजयमाला. सुभेदारांनी पलटणीतून सुट्टीवर येताना हे नाव गोंदवून आणलं होतं आणि गावानं त्यावरून त्यांना जन्मभर चिडवलं होतं.

धैर्यशील ताडकन उठला. “ही वळख न्हाई तर काय हाय? समदं काढा! आत्ताच्या आत्ता!”

“चूक माझी आहे,” चारुलता कशीबशी म्हणाली. “काढते सगळं.”

“तू गप रं!” विजयमालानं लेकाला दटावलं. मग ती चारुलताकडे वळली. “नाव तेवढं पुसा, बाई. ते माजं हाय. हात ऱ्हाऊ द्या. त्यो त्यांनी दिलाय.”

चारुलतानं माऊस हातात घेतला.

“जरा दमानं,” विजयमाला लेकाच्या रिकाम्या खुर्चीत बसत म्हणाली. “आदी मला बघू द्या. त्या दिवशी त्यांना न्यायला आलेली तुमची गाडी लय घाईत हुती.”