हवेवर तरंगणारे टेबल

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात एकदम येत नाही. तो आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरतो, तिथे बराच वेळ रेंगाळतो, आणि मग कोणाच्या तरी उघड्या खिडकीच्या काचेवरून उसना घेतल्यासारखा आमच्या ओट्यावर येऊन पडतो. सुरुवातीला त्याला रंगच नसतो. पातेल्यावरच्या झाकणाची कड तेवढी ओळखू येते. मग नळाच्या तोंडाशी थांबलेला थेंब दिसू लागतो. तो पडत नाही, नुसता जड होत जातो. फडताळाच्या दारावरचे ओरखडे, मिठाच्या बरणीवरचे बोटांचे ठसे, खिडकीच्या चौकटीत साचलेली धूळ, सारे एकामागून एक जागे होते. आणि शेवटी एक पिवळसर पट्टा फरशीवरून सरकत माझ्या पायांपाशी येतो व तिथेच थांबतो, जणू पुढे त्याला काही काम नाही. त्या रविवारी तो येईपर्यंत मी बसून होतो. झोप लागली नव्हती असे नाही; लवकर संपली होती.

वहिनीने चहा पुढे ठेवला. नेहमीप्रमाणे अर्धा कप.

"भावोजी, आज परीक्षा ना तुमची?"

"परीक्षा नाही. प्रात्यक्षिक."

"तेच ते. हे म्हणत होते, निवड झाली तर सहा महिने बाहेर. म्हणजे सहा महिने तुमचे मोजे शोधायची कटकट नाही मला."

"कप कधी भरून का देत नाहीस?"

"हा संपवा, मग अजून देते. सांडलं की पुसायचं मलाच," ती गॅसकडे वळत म्हणाली.

मी ते चेष्टेवारी नेले.

आमच्या संस्थेत नव्या संशोधकांच्या प्रशिक्षणाची एक योजना होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आमच्यातल्या एकाला, आमच्या तंत्रातले सर्वांत जाणते लोक जिथे होते, त्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवत. तिथून परतलेल्याला पुढे जागा मिळे, स्वतःचा विषय मिळे. मला जायचे होते. याहून साधेपणाने मला ते सांगता येत नाही. अट एवढीच, की आमचे मार्गदर्शक सर आणि प्रशिक्षण विभागाच्या मॅडम यांच्यासमोर तंत्राचा मूळ भाग एकट्याने करून दाखवायचा.

मूळ भाग असा. मेंदूची पातळ चकती द्रावात जिवंत ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली एक पेशी निवडायची, आणि केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी, बारीक चाक्या फिरवत, तिच्यापर्यंत न्यायची. टोक टेकले, नळीतून हलकेच श्वास आत ओढला, की पेशीचे आवरण काचेला चिकटते आणि आतल्या विजेची कुजबुज स्क्रीनवर रेघ होऊन उमटू लागते. टेकताना किंचित जरी हिसका बसला तरी पेशी फुटते. म्हणून आमचे टेबल दाबलेल्या हवेवर तरंगत असे, आणि आम्ही सारे कंपनांचे वैरी होतो. पेशी गेली की करणाऱ्याने गुन्हेगाराचे नाव घ्यायचे आणि इतरांनी ते विनातक्रार मान्य करायचे, असा रिवाजच पडून गेला होता. कधी लिफ्ट, कधी फ्रीजर, कधी वरच्या मजल्यावर कोणी ओढलेली खुर्ची.

माझ्या पेशी इतरांपेक्षा अधिक जात. त्याची कारणे शोधण्यात मी वर्ष घालवले, आणि शोधण्यात मी वाकबगार होतो. टेबल खिडकीपासून भिंतीकडे नेले, पायांखाली रबर घातले, फ्रीजरची रवानगी दुसऱ्या खोलीत केली. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीला, जिला सगळे शेंडेफळ म्हणत, त्याच टेबलावर, लिफ्ट धडधडत असताना, गाणे गुणगुणता गुणगुणता पेशी मिळून जाई.

"दादा, तुमच्या खुर्चीत जादू आहे," ती म्हणायची.

"तुला वेळ चांगली मिळते," मी म्हणत असे. त्यावर ती पुढची नळी लावायला घेई.

मध्यंतरी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावले होते. पुढच्या वाटचालीबद्दल प्रत्येकाशी त्या असे बोलत.

"आपापल्या नोंदी वाचून घ्यायला सगळे तुमच्याकडे येतात म्हणे."

"येतात. रेघेवरून कळतं मला, कोणती पेशी थकत चाललीये ते."

"मग विश्लेषणाच्या गटात का नाही जात? त्यांना माणूस हवाय. शिकवतीलही ते."

"मला हातानं काम करायचंय."

"हातानंच केलं तर ते काम, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी हसलो. माझे हात मांडीवर होते, बोटे एकमेकांत गुंतवलेली. त्यांचे बोलणे मला सांत्वनासारखे वाटले, आणि सांत्वन घ्यावे असे माझे तर काहीच गेलेले नव्हते.

प्रात्यक्षिकाला रविवारची सकाळ हवी, हा हट्ट माझाच.

"लिफ्ट बंद, पंखे बंद, रस्त्यावर शुकशुकाट," सर म्हणाले होते. "अजून काही? पृथ्वी थांबवायची का थोडा वेळ?"

पण त्यांनी सारे केले. मॅडम जिने चढून आल्या आणि दाराशीच स्टुलावर टेकल्या. "तुमच्या पेशीपायी माझा जीव जायचा एखाद्या दिवशी," त्या म्हणाल्या. शेंडेफळने त्यांना पाणी दिले. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. द्रावाचे थेंब पडत होते तेवढाच आवाज.

मी एक पेशी निवडली. गोल, टवटवीत, कडा स्वच्छ. नळी खाली नेली. टोक तिच्याशी पोचले, आणि ती फुटली. मी नळी बदलली, दुसरी पेशी घेतली. या वेळी अधिक सावकाश, श्वास रोखून. तीही गेली. तिसरीच्या वेळी मी चाकीवरचा अंगठा काढून पुन्हा ठेवला, मनगट टेबलाच्या कडेला टेकवले, आणि टोक पेशीजवळ असताना सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रीनवर पाहिले. पेशी हलत नव्हती. टेबल हलत नव्हते. नळी हलत होती, अगदी बारीक, न थांबता. मग तिसरीही गेली.

मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"खाली ट्रक गेला वाटतं," शेंडेफळ हळूच म्हणाली.

सरांनी मान डोलावली. "होय, मलाही जाणवलं. हवं तर दुपारी पुन्हा बघू." त्यांचा आवाज नको इतका मऊ होता. त्यावरून कळले की ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. शेंडेफळला नव्हती, बहुधा कोणालाच नव्हती. मला फक्त हो म्हणायचे होते. दुपार मिळाली असती, कदाचित आणखी एक रविवारही.

"ट्रक नव्हता," मी म्हणालो.

कोणी विचारले नाही, तरी मी चाकीवरून हात उचलून सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"माझा हात थरथरतो."