भिंगावरचा डाग

मित्रांनो, मला आता कोणी फारसे हलवत नाही. हलवले तर माझे चाक कुरकुरते आणि मान आपोआप खाली झुकते. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मूल हवे असून होत नाही अशी जोडपी ज्या दवाखान्यात येतात, तिथल्या लॅबच्या ओट्यावर माझे उभे आयुष्य गेले.

कारखान्यात भिंगे घासणाऱ्या बाईने मला उजेडाकडे धरले आणि ती हसून म्हणाली, "ह्याला लांबचं दिसणार नाही, पण बारीक चांगलं दिसेल." तेवढे एक कौतुक शिदोरीसारखे बांधून मी इथे आलो.

काम नाजूक होते. पुरुषाच्या वीर्याचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन माझ्याखाली ठेवत. त्यात शुक्राणू असतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, शेपटी हलवत पोहणारे. ते पुरेसे आहेत का, धड पोहतात का, त्यांची घडण नीट आहे का, हे पाहायचे. लॅबमधल्या ताई माझ्यावर डोळा लावून तासन् तास बसत. मान आखडे, डोळ्यांतून पाणी येई. दमल्या की मोजणी चुके, मग पुन्हा पहिल्यापासून. "मी माणूस आहे, घड्याळ नाही," असे त्या पुटपुटत.

मग माझ्या डोक्यावर एक कॅमेरा बसवला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! कॅमेऱ्याची तार संगणकात गेली. त्यात कृत्रिम बुद्धी होती. ताईंनी तिला ढीगभर चित्रे दाखवून शिकवले, हा निरोगी, हा मंद, ह्याचे डोके वाकडे. हळूहळू ती आपली आपण ओळखू लागली. कोणता शुक्राणू कामाचा ठरेल, याचा अंदाजही सांगू लागली. शिकवले तेवढेच बोलते म्हणून ताईंनी तिचे नाव 'पोपट' ठेवले.

पोपटाची वाहवा झाली. तो पाहतो ते माझ्याच भिंगातून, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नाही. ताईंचा डोळा माझ्यावर टेकेनासा झाला. काम आटोपल्यावर भिंग पुसायची सवयही सुटली. मला मात्र सुट्टी नव्हती.

त्या सुमारास एक भट्टीवाला येऊ लागला. तो बेकरीत पाव भाजायचा. बरोबर त्याची बायको आणि आई. बायकोच्या नाना तपासण्या होऊन गेल्या होत्या. लॅबच्या खिडकीबाहेरच बाके होती, त्यामुळे सासूबाईंचे बोलणे मला रोज ऐकू येई. "आमच्या नशिबीच अशी आली. हिची कूस काही उजवत नाही," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सून पिशवी मांडीवर घट्ट धरून बसे. भट्टीवाला जमिनीकडे बघे.

एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूनबाईंचं सगळं चांगलं आहे. आता ह्यांची तपासणी करू."

"माझ्या मुलाला काय धाड भरलीय?" सासूबाई उसळल्या. "पिठाचं पोतं एका दमात उचलतो तो!"

अखेर त्याचा नमुना माझ्याखाली आला. पोपटाने निकाल दिला, कामाचे जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी भट्टीवाल्याला तसे सांगितले. तो खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, आईला हे नका सांगू. बायकोचंच काहीतरी आहे म्हणा. तिला सवय आहे ऐकायची."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते माझ्या तोंडून यायचं नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

तो बाकाकडे गेला. त्याला पाहताच बायको उठून उभी राहिली. "माझंच ना?" तिने विचारले. रोजची भाजी विचारावी तसे.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग वळून म्हणाला, "आई, हिचं काही नाही. माझ्यात आहे."

सासूबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाठ फिरवली.

इकडे डॉक्टरीणबाईंना तो निकाल पटेना. त्यांनी ताईंना स्वतः पाहायला सांगितले. ताईंनी कितीतरी दिवसांनी माझ्यावर डोळा टेकवला आणि त्या दचकल्या. स्पष्ट दिसावे म्हणून भिंगाला तेल लावतात, त्याचाच वाळलेला डाग भिंगावर होता. त्या डागाआडून पोपट तरी काय बघणार? ताईंनी मला जपून पुसले. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यात शुक्राणू दिसले. थोडे, मंद, पण जिवंत.

"भट्टीच्या धगीनंही असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमलं तर काम बदला."

सासूबाईंना बळ आले. "बघ! यंत्रच चुकलं होतं. म्हणजे तुझ्यात काही नाही!"

आपले शब्द परत गिळायची त्याला ही आयती संधी होती. पण तो म्हणाला, "आहे, आई. आणि नसतं तरी हिला बोलायचं नव्हतं. मी ऐकत बसलो, तेच चुकलं."

त्याने भट्टी सोडली आणि पावाची गाडी फिरवू लागला. काही महिन्यांनी पोपटाने पडद्यावर त्याच्या नमुन्यातले बरे शुक्राणू दाखवले, ताईंनी ते निवडले, आणि बायकोच्या बीजाशी त्यांची गाठ घालून दिली. सगळ्यांनी वाट पाहिली. काही झाले नाही. पुन्हा केले. पुन्हा काही दिवसांची आशा आणि पुन्हा तेच. बरे शुक्राणू ओळखणे पोपटाच्या हातात होते, मूल देणे नव्हते.

"आणखी एकदा करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भट्टीवाल्याने बायकोकडे पाहिले. तिने सवयीने मान हलवली. तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "आता पुरे. सुयांनी पोरीच्या अंगाची चाळण झालीय. मला नातवंड हवं होतं, पण घरातलं माणूस झिजवून नको."

सून तिथेच रडू लागली. सासूबाईंनी तिच्या मांडीवरची पिशवी आपल्या खांद्याला लावली. "चल," त्या म्हणाल्या, "आज स्वयंपाक मी करते." ती तिघे पुन्हा आली नाहीत.

मित्रांनो, आता ताई मला रोज पुसतात. मी मात्र फार थकलो आहे, लवकरच माझ्या जागी नवा कोणी येईल. त्यालाही पुसत जा, कारण शहाण्यातल्या शहाण्या यंत्राला आपल्या डोळ्यावरचा डाग दिसत नाही. आणि तुमच्या घरात कोणी मुकाट्याने दोष ऐकून घेत असेल, तर जमिनीकडे बघू नका. त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसा.