इसोबेलचं माहेर

नौपाड्यातल्या एका ऑफिससाठी मी कळव्याला घरी बसून स्कॉटिश लोकांचे पूर्वज शोधते. जनगणनेच्या जुन्या पानावर एका शेतकऱ्याची बायको इसोबेल सापडली, पण चर्चमधल्या बारशाच्या नोंदींत इसोबेल काही मिळेना. मी वैतागले. मग म्हटलं, लग्नात सासरच्यांनी नाव बदललं असणार, आणि वयाने जुळणारी एक मार्गारेट धरून मोकळी झाले.

ऑफिसातले नयनसर फोनवर हसले. "रुपाली, तिकडे असं नाव बदलत नाहीत गं. थडग्याच्या दगडावरसुद्धा माहेरचं आडनाव असतं. शेजारच्या गावात बघ."

ती तिथेच होती. बारशाला इसोबेल, धुक्यातल्या थडग्याच्या फोटोत दगडावरही इसोबेल. मला तिचा रागच आला. रुपाली हे नाव मला नवऱ्याने दिलेलं.

खाडीवरून वारा येत होता. माझ्या सासूबाई, मालनबाई, खिडकीपाशी आडव्या झाल्या होत्या.

"आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"ठमी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "लग्नात यांनी ताटातल्या तांदळात मालन लिवलं. ठमी तिथंच राहिली."

पडदा फुगत होता. स्क्रीनवरच्या त्या दूरच्या गावाचं धुकं हळूहळू खोलीत उतरतंय असं वाटलं. त्यांचा श्वास संथ झाला. मी अगदी हळू हाक मारली, "ठमे..."

झोपेतच त्यांचा चेहरा पोरीसारखा झाला.

"आले गं आये," त्या म्हणाल्या.